हात गरम आहे, मग माणूस गेला कसा?

आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर आत्या बसली होती. पाच मिनिटांसाठी तिला आत सोडलं होतं, तेवढ्यात जाऊन आली होती. रविवारी रात्री माझ्या आतेभावाची दुचाकी घसरली, डोक्याला मार लागला, हेल्मेट नव्हतं. तेव्हापासून तो व्हेंटिलेटरवर. मंगळवारी दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "ब्रेन डेडसारखीच कंडिशन आहे, चान्सेस फार नाहीत," आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. आत्याने माझं मनगट धरलं. "अगं, हात गरम आहे गं त्याचा. छाती वरखाली होतेय. त्या पडद्यावर ठोके दिसतायत. मग असं कसं म्हणतात हे?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी बरंच वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना छळून विचारलं. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या 'ग्रीन कॉरिडॉर'च्या बातम्या आपण वाचतो. वाहतूक थांबवून एक हृदय या रुग्णालयातून त्या रुग्णालयात नेलेलं असतं. ती वाचताना कुणाच्याही मनात आत्याचाच प्रश्न येतो. हृदय चालू होतं, तर तो माणूस जिवंत नव्हता का?

नव्हता. पण हे एका वाक्यात पटण्यासारखं नाही, म्हणून मुळापासून सांगते.

हृदय मेंदूला विचारून चालत नाही

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो स्वतःच विजेची ठिणगी तयार करतो आणि त्या ठिणगीवर हृदय आकुंचन पावतं. मेंदू फक्त वेग कमीजास्त करतो. जिना चढलो, घाबरलो, की ठोके वाढतात ते मेंदूच्या सांगण्यावरून, पण मूळ ठोका हृदयाचा स्वतःचा असतो. याचा पुरावा हृदय प्रत्यारोपणातच आहे. एकाच्या छातीतून काढलेलं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवतात तेव्हा मेंदूकडून येणाऱ्या सगळ्या नसा तुटलेल्या असतात. त्या जोडल्या जात नाहीत. तरी ते हृदय पुढे वर्षानुवर्षं चालतं.

म्हणजे ठोके दिसतायत याचा अर्थ एवढाच, की हृदयाच्या स्नायूला रक्त आणि प्राणवायू मिळतोय. मेंदू चालू आहे असं त्यातून सिद्ध होत नाही.

श्वासाचं तसं नाही

श्वास मात्र पूर्णपणे मेंदूच्या हुकमावर चालतो. मेंदूच्या तळाशी, मानेकडे उतरणारा साधारण अंगठ्याएवढा भाग असतो. त्याला ब्रेन स्टेम म्हणतात, मराठीत मस्तिष्कस्तंभ. श्वास घे, सोड, हा हुकूम तिथून सुटतो. ठसका, गिळणं, उजेड पडल्यावर बाहुली लहान होणं, रक्तदाब सांभाळणं हेही तिथलंच काम. आणि माणसाला जागं ठेवणारी यंत्रणाही तिथेच आहे. मोठा मेंदू कितीही शाबूत असला तरी ब्रेन स्टेमने त्याला जागं केल्याशिवाय 'मी' असं काही उरत नाही.

हा भाग मेला की श्वास थांबतो. श्वास थांबला की काही मिनिटांत हृदयाला प्राणवायू मिळेनासा होतो आणि तेही थांबतं. आपल्या पणज्यांच्या काळात हे सगळं एका पाठोपाठ घडायचं, त्यामुळे मेंदूचा मृत्यू आणि हृदयाचा मृत्यू वेगळे पाहायची वेळच कुणावर आली नाही.

ती वेळ व्हेंटिलेटरने आणली. व्हेंटिलेटर श्वास घेत नाही, तो हवा आत ढकलतो. सायकलच्या ट्यूबमध्ये पंपाने हवा भरली की ट्यूब फुगते, तशी छाती फुगते, आणि दाब सोडला की बसते. आत्याला दिसलेली वरखाली होणारी छाती ही मशीनची हालचाल होती. त्या हवेतला प्राणवायू रक्तात मिसळतो, तो हृदयाला मिळतो, हृदय चालू राहतं, रक्त हातापर्यंत पोचतं.

आणि हात गरम का? याचं उत्तर मला कळलं तेव्हा फार अस्वस्थ वाटलं. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्रही मेंदूतच असतं. ते बंद पडलं की रक्त फिरत असलं तरी शरीर हळूहळू थंड व्हायला लागतं. म्हणून नर्सेस अशा पेशंटला उबदार पांघरुणात ठेवतात, गरम हवेची ब्लँकेट्स लावतात. हाताची ऊब बरेचदा निम्मी रक्ताची आणि निम्मी त्या ब्लँकेटची असते.

घट्ट बरणीतली मटकी

डोक्याला मार लागला, किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, तर सगळा मेंदू मरतो कसा? मार तर एकाच बाजूला असतो.

घट्ट झाकणाच्या बरणीत गच्च भरून मटकी भिजत घातली तर काय होईल? मटकी फुगेल, जागा मिळणार नाही, आणि ती एकमेकींना चेपत राहील. कवटी ही तशी बरणी आहे. मार लागलेला मेंदू सुजतो. सूज वाढली की आतला दाब वाढतो. हृदय ज्या दाबाने रक्त वर पाठवतं, त्याच्याही पुढे हा दाब गेला की रक्त कवटीत शिरूच शकत नाही. रक्त नाही म्हणजे प्राणवायू नाही, आणि प्राणवायूशिवाय मेंदूच्या पेशी चार-पाच मिनिटांत मरू लागतात. कवटीला तळाशी एक मोठं भोक असतं, जिथून मज्जारज्जू खाली उतरतो. फुगलेला मेंदू त्या भोकाकडे ढकलला जातो आणि वाटेत ब्रेन स्टेम चिरडला जातो.

डॉक्टर सूज उतरवायची औषधं देतात, कधी कवटीचा तुकडा काढून ठेवतात, ते याचसाठी. काही वेळा दाब उतरतो आणि माणूस वाचतो. काही वेळा नाही.

त्वचा, हाडं, यकृत यांना जखम भरून काढता येते. मेलेला ब्रेन स्टेम परत उगवत नाही.

कोमा वेगळा, ब्रेन डेड वेगळा

बहुतेक घरांत सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. आयसीयूबाहेर 'कोमात गेलाय', 'ब्रेन डेड आहे', 'व्हेंटिलेटरवर आहे' ही तिन्ही वाक्यं एकाच अर्थाने वापरली जातात. त्यांचे अर्थ एकमेकांपासून फार लांब आहेत.

व्हेंटिलेटर ही फक्त मशीन आहे. न्यूमोनिया झालेला, मोठं ऑपरेशन झालेला, विषबाधा झालेला माणूस काही दिवस तिच्यावर असतो आणि नीट घरी येतो. व्हेंटिलेटर लागला म्हणजे संपलं, हा समज कोविडच्या काळात घट्ट बसला. तो मनातून काढायला हवा.

कोमा म्हणजे खोल बेशुद्धी. डोळे मिटलेले, हाक मारली तर प्रतिसाद नाही. पण ब्रेन स्टेम पूर्ण मेलेला नसतो. बाहुल्या हलतात, ठसका लागतो, अनेकदा श्वासही स्वतःचा असतो. कोमातला माणूस जिवंत आहे. तो शुद्धीवर येऊ शकतो, नाहीही येऊ शकत.

तिसरी अवस्था आहे व्हेजिटेटिव्ह स्टेट. यात ब्रेन स्टेम शाबूत असतो, मोठ्या मेंदूचं फार नुकसान झालेलं असतं. माणूस डोळे उघडतो, झोपतो, जागा होतो, श्वास स्वतः घेतो, पण आजूबाजूची जाणीव असल्याची खूण मिळत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग अशा अवस्थेत होत्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने त्या गेल्या. मधली एक्केचाळीस-बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात स्पष्ट लिहिलं, की त्या ब्रेन डेड नाहीत. त्या स्वतः श्वास घेत होत्या.

ब्रेन डेड माणसाला बेचाळीस वर्षं सांभाळता येत नाही. बहुतेकांचं हृदय व्हेंटिलेटर चालू असतानाही काही तासांत किंवा काही दिवसांत थांबतं, कारण रक्तदाब, क्षार, लघवीचं प्रमाण हे सगळं सांभाळणारा मालक गेलेला असतो. रक्तदाब कोसळतो. लघवी लिटर-लिटरने व्हायला लागते, कारण तिला आवर घालणारा मेंदूतला स्राव बंद पडतो. नातेवाईकांना वाटतं, लघवी होतेय म्हणजे किडनी सुधारतेय. प्रत्यक्षात ती वाईट खूण असते.

मला निशिगंधाची दांडी आठवते. झाडापासून तोडून पाण्यात ठेवली, तर दोन-तीन दिवस टवटवीत राहते, वरच्या कळ्याही उमलतात. म्हणून ती परत झाड होत नाही.

डॉक्टरांनी ही व्याख्या अवयवांसाठी शोधली का?

ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर इतिहासात मिळतं. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या मुलांना वाचवायला तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने फुगा दाबून हवा दिली. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानतात. या तंत्राने असंख्य लोक वाचले, पण त्याबरोबर पूर्वी कधी न दिसलेले पेशंटही दिसू लागले. हृदय चालू आणि मेंदू पूर्ण गेलेला. १९५९ मध्ये पॅरिसच्या दोन डॉक्टरांनी अशा पेशंटांचं वर्णन करून 'कोमाच्या पलीकडची अवस्था' असं त्याला नाव दिलं. जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण त्यानंतर आठ वर्षांनी, डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला झालं. म्हणजे अवस्था आधी दिसली, प्रत्यारोपण नंतर आलं.

प्रत्यारोपणामुळे व्याख्या पक्की करायची घाई झाली, हेही खरं आहे आणि ते लपवू नये. केपटाऊननंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. पी. के. सेन यांनी आपल्या केईएममध्ये हृदय प्रत्यारोपण केलं. पेशंट काही तासच जगला. तेव्हा भारतात मेंदूच्या मृत्यूचा कायदाच नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने निकष मांडले, १९७६ मध्ये ब्रिटनने ब्रेन स्टेमवर आधारलेले निकष आणले. आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला आणि फेब्रुवारी १९९५ पासून ज्या राज्यांत तो आधी लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. या कायद्याने ब्रेन स्टेमच्या कायमच्या, परत न येणाऱ्या मृत्यूला मृत्यू म्हटलं.

चाचण्या कशा होतात

कुणी सांगितलं नाही तर हा भाग घरच्यांना कधीच कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी काही गोष्टी नाकाराव्या लागतात. मेंदू कशाने गेला ते कारण माहीत हवं, सीटी स्कॅनमध्ये दिसायला हवं. झोपेची, गुंगीची औषधं शरीरात शिल्लक नकोत. शरीर फार थंड नको. साखर, सोडियम फार बिघडलेलं नको. विषबाधा नको. आपल्या गावाकडे तर एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, मण्यारचा दंश. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, दंशाची खूणही धड दिसत नाही. त्याचं विष स्नायू इतके लुळे पाडतं, की बाहुल्या स्थिर, श्वास बंद, हालचाल शून्य. माणूस हुबेहूब ब्रेन डेड दिसतो. पण त्याचा मेंदू शाबूत असतो. अशी माणसं प्रतिविष आणि व्हेंटिलेटरच्या आधाराने काही दिवसांत बोलू लागलेली आहेत. म्हणूनच 'कारण काय' याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढची पायरी चढायची नसते.

मग एकेक तपासणी. डोळ्यात प्रखर उजेड टाकून बाहुली हलते का बघतात. बुबुळाला कापसाने स्पर्श करून पापणी मिटते का बघतात. कपाळावर, भुवईच्या हाडावर जोरात दाबून चेहरा हलतो का पाहतात. कानात बर्फाचं पाणी सोडतात. जिवंत ब्रेन स्टेम असेल तर डोळे हलतात. घशात, श्वासनळीत नळी घालून ठसका येतो का बघतात.

शेवटची ॲप्निया टेस्ट, म्हणजे श्वासाची कसोटी. विहिरीत बुडी मारून बराच वेळ खाली राहिलं, की छाती फुटेल असं वाटतं आणि आपण धडपडत वर येतो. ती धडपड प्राणवायू संपल्याची कमी आणि रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची जास्त असते. तो वाढला की ब्रेन स्टेम ओरडतो, श्वास घे. याहून जबरदस्त हुकूम शरीरात नाही. चाचणीत पेशंटला आधी भरपूर प्राणवायू देतात, मग व्हेंटिलेटर काढतात. बारीक नळीने प्राणवायू आत चालूच ठेवतात, म्हणजे इजा होऊ नये. आठ-दहा मिनिटं छाती आणि पोट उघडं ठेवून बघत राहतात. आपल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, तो ६० च्या वर गेल्याचं रक्त तपासून पाहतात. एवढं होऊनही एकही श्वास आला नाही, तर हुकूम देणारा नाही हे सिद्ध होतं. एक श्वास जरी आला, तरी तो माणूस ब्रेन डेड नाही.

हे सगळं दोनदा करायचं, मध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून. चार डॉक्टर लागतात. रुग्णालयाचा प्रमुख, शासनमान्य यादीतला एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूचा फिजिशियन किंवा सर्जन, आणि उपचार करणारा डॉक्टर. मेंदूचा तज्ज्ञ गावात नसेल तर त्याच्या जागी कोण चालेल तेही २०११ च्या दुरुस्तीत सांगितलं आहे. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला कुणीही यात नसावा लागतो. चौघांच्या सह्या फॉर्म १० वर होतात. दुसऱ्या फेरीतल्या चाचण्या पूर्ण झाल्या, ती मृत्यूची वेळ.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला नाही म्हणून काही जण हरकत घेतात. आपला कायदा ब्रिटनप्रमाणे ब्रेन स्टेमवर आधारलेला आहे, त्यात ईईजी सक्तीचा नाही. एखादी तपासणी करताच येत नसेल, उदाहरणार्थ डोळाच जखमी असेल, तर डॉक्टर इतर चाचण्यांची मदत घेतात.

"पण त्याने बोट हलवलं!"

हे खरंच घडतं. ब्रेन डेड माणसाची बोटं थरथरतात, पाय आखडतो. क्वचित दोन्ही हात उचलून छातीवर येतात. ते पाहून आईवडिलांची काय अवस्था होत असेल याची कल्पनाही नको वाटते.

गुडघ्यावर हलकेच हातोडी मारली की पाय उडतो, ते मेंदूला विचारून नाही. मज्जारज्जूत, पाठीच्या कण्यात, तो निर्णय होतो. कवटीतला मेंदू गेला तरी मज्जारज्जू काही काळ जिवंत असतो. बोट हललं ते त्यामुळे. हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवावं. हालचाल दिसल्यावर सांगितलं तर सारवासारव वाटते.

"परदेशात एक जण उठून बसला म्हणे"

मंगळवारी संध्याकाळी आमच्या घरच्या ग्रुपवरही असा एक मेसेज आला. आतोबांनी तो चार वेळा वाचला. अशा बातम्यांच्या मुळाशी गेलं की बहुतेकदा दोनपैकी एक गोष्ट निघते. माणूस कोमात होता आणि बातमीत ब्रेन डेड लिहिलं, किंवा चाचण्या अर्धवट झाल्या होत्या. कारण माहीत आहे, औषधांचा अंमल नाही, दोन्ही फेऱ्या आणि श्वासाची कसोटी नियमाप्रमाणे पूर्ण झाल्या आहेत, असा माणूस शुद्धीवर आल्याची खात्रीशीर नोंद वैद्यकशास्त्रात नाही.

म्हणून शब्द नेमका हवा. "ब्रेन डेडसारखा" अशी कुठली अवस्था नसते. चाचण्या झाल्या असतील तर तो मृत आहे. झाल्या नसतील तर तो गंभीर जखमी, बेशुद्ध, जिवंत माणूस आहे. या दोहोंच्या मध्ये नातेवाईकांना उभं करून निघून जाणं, हे मला आजही क्षम्य वाटत नाही.

"बिल वाढवायला ठेवलंय" आणि "अवयवांसाठी घाई करतायत"

या दोन शंका एकमेकींच्या विरुद्ध आहेत, तरी एकाच घरात, एकाच दिवशी ऐकू येतात. दोन्ही भीतीतून येतात आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवं.

ब्रेन डेड घोषित करणं म्हणजे उपचार संपले असं लेखी देणं. बिल वाढवायचं असेल तर कुणी घोषणा टाळेल, करणार नाही. आणि अवयवदानाला संमती दिल्यानंतर शरीर सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकायचा नाही, असं नियमांत स्पष्ट आहे. तो बिलात दिसला तर जरूर विचारा.

घाईचं म्हणाल, तर संमती विचारणं हे आयसीयूतल्या डॉक्टरांवर कायद्यानेच टाकलेलं कर्तव्य आहे. विचारणारा निर्दय नसतो. घाई असते ती काढल्यानंतरची. हृदय आणि फुप्फुसं चार ते सहा तासांत दुसऱ्याच्या छातीत बसायला हवीत, यकृताला थोडा जास्त वेळ मिळतो, मूत्रपिंडाला एक दिवसाहून अधिक. ग्रीन कॉरिडॉर लागतो तो या तासांमुळे. अवयव कुणाला जाणार हे त्या रुग्णालयाचा डॉक्टर मनाने ठरवत नाही. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, त्यांच्याकडे प्रतीक्षायादी असते.

घरच्यांचा 'नाही' हा शेवटचा शब्द असतो. दात्याने हयातीत कार्ड भरलेलं असलं, तरी आपल्याकडे जवळच्या नातेवाईकांची संमती घेतात. म्हणून कार्ड भरलं असेल तर घरात ते बोलून ठेवा, पाकिटात नुसतं ठेवू नका.

शरीर विद्रूप होतं का? नाही. ऑपरेशनसारखंच टाके घालून परत देतात, अंत्यविधी नेहमीसारखे करता येतात. अपघाताची केस असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांची परवानगी आधी घ्यावी लागते, त्यात थोडा वेळ जातो. एका दात्याकडून आठ अवयव मिळू शकतात. हृदय, दोन फुप्फुसं, यकृत, दोन मूत्रपिंडं, स्वादुपिंड, आतडं. देशभरात मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांचा आकडा २०२३ साली पहिल्यांदा हजाराच्या वर गेला. दहा लाख लोकांमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये तो पन्नासच्या जवळ आहे.

दान नको असेल तर?

आपली व्यवस्था इथे अडखळते. आपल्याकडे मेंदूच्या मृत्यूची व्याख्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात ब्रेन स्टेमचा उल्लेख नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी डॉक्टरांना वाटतं, दान होणार असेल तरच चाचण्या करायच्या. दान नसेल तर व्हेंटिलेटर काढायचा कशाच्या आधारे, ही त्यांची भीती. मग माणूस गेलेला असूनही मशीन चालू राहते, हृदय थांबेपर्यंत. घरचे कर्ज काढतात, बाहेर सतरंजीवर झोपतात, नवस बोलतात. केरळ सरकारने २०२० मध्ये दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. अवयवदान होवो न होवो, ब्रेन स्टेमचा मृत्यू तपासून प्रमाणित करायचा. आपल्याकडेही तसंच व्हावं असं मला मनापासून वाटतं. आपलं माणूस गेलं की नाही, हे कळण्याचा हक्क अवयव देणाऱ्यांनाही आहे आणि न देणाऱ्यांनाही.

तोवर आपल्या हातात विचारणं आहे. डॉक्टर ब्रेन डेड शब्द उच्चारतील, तेव्हा शांतपणे विचारा. ब्रेन स्टेमच्या चाचण्या झाल्या का? ॲप्निया टेस्ट झाली का, एकदा की दोनदा? झाली नसेल तर कधी करणार? फॉर्म १० भरला का? या प्रश्नांचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. उलट त्यांनाही बोलणं सोपं होतं.

आम्ही यातलं काहीच विचारलं नाही. त्या रुग्णालयात चाचण्या झाल्या नाहीत, का झाल्या नाहीत ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. शुक्रवारी पहाटे त्याचं हृदय थांबलं. दाखल्यावर शुक्रवारची तारीख आहे. वर्षश्राद्धाला गुरुजींनी तिथी विचारली तेव्हा आतोबांनी दाखला बघून अष्टमी सांगितली.

परवा हे सगळं मी आत्याला समजावून सांगितलं, बर्फाचं पाणी, श्वासाची कसोटी, दुसऱ्या फेरीची वेळ. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे मंगळवारीच चाचणी केली असती, तर तेव्हाच कळलं असतं."

"हो. गेला असता तर तेही, आणि नसता गेला तर तेही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिने मंगळवारची तिथी शोधायला घेतली.